कामकऱ्याचा उत्कर्षकाळ



आजच्या भाषणासाठी मला नेमून दिलेला विषय मोठा आणि परदेशी वळणाचा आहे. ज्याला 'अमेरिकन स्वप्न' म्हणतात ते साध्या कामकऱ्याच्या आटोक्यात अजून राहिले आहे काय, असा तो प्रश्न आहे. अमेरिका मी पाहिलेली नाही. हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका म्हणून गाव आहे. त्या परिसरातील मुलांना अंकगणित आणि इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा एवढ्या मोठ्या विषयावर मी काय बोलणार, अशी शंका कोणास आल्यास ती रास्तच होय. परंतु हाच प्रश्न गेल्या दिवाळीत नाक्यावर, गाडीची वाट पाहत असता, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला विचारला, आणि त्याला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही म्हणून मी ह्या इतिहासात शिरलो.

हा मुलगा जोडाऱ्याचे काम शिकला, पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागला, आणि चार वर्षे तेथे एकाच यंत्रावर उभा आहे. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत सांगतो : "गुरुजी, बारा-बारा तास उभा राहतो. पर ह्या पगारात घर व्हईल का?" अमेरिकेचे नावही त्याने काढले नाही. वस्तुतः १९३१ साली, मंदीने अमेरिका गांजलेली असता, जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स ह्या इतिहासकाराने 'अमेरिकन स्वप्न' हा शब्दप्रयोग आपल्या ग्रंथातून रूढ केला तेव्हा त्याचाही रोख केवळ मोटारी आणि मोठे पगार ह्यांवर नव्हता. मनुष्य कोणत्या कुळी जन्मला ह्याचा अडसर न येता त्याला आपल्या पात्रतेइतके वर चढता यावे, असा त्याचा अभिप्राय होता. आपल्या घरगुती भाषेत बोलावयाचे तर तीन गोष्टी : राहावयास हक्काचे छप्पर, मुलांना शाळा, आणि हातपाय थकल्यावर कोणापुढे हात पसरावा लागू नये एवढी शिल्लक.

अमेरिकेचा आणि आमच्या भागाचा संबंध मुळीच नाही असे मात्र समजू नये. आमचे गाव वऱ्हाड आणि मराठवाडा ह्यांच्या शिवेवरचे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, अलीकडे निजामाची सत्ता राहिली, आणि एकच बोली बोलणाऱ्या लोकांमध्ये सरहद्द उभी राहिली. गावाच्या नावामागे 'नाका' लागला तो त्या सरहद्दीवरील जकातीमुळे, असे आम्ही मानतो. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. आगगाडी वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. कापसाच्या पैशावर मुंबईत सट्ट्याचा जो बाजार भरला तो युद्ध संपताच १८६५ मध्ये कोसळला हे सर्वश्रुत आहे. पण त्या युद्धाचा दुसराही एक परिणाम महाराष्ट्रावर झाला. युद्धाअंती तेथील गुलामगिरी नष्ट झाली. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी काळ्या दासांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. मराठी कष्टकऱ्याच्या मनात अमेरिकेचा जो पहिला ठसा उमटला तो श्रीमंतीचा नव्हता. बेड्या तुटू शकतात ह्याचा होता.

फुल्यांचेच अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे. रेल्वेत व टपालखात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल झाले आणि १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' पत्राची धुरा वाहिली. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी पहिल्या गिरणीची कंपनी काढली त्याला तेव्हा तीस वर्षे होत आली होती. कोकणातून, घाटावरून माणसांचा लोंढा परळ-लालबागकडे लागला होता. सूर्य उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम अधिक, मजुरी मात्र तेवढीच. साप्ताहिक सुट्टी नाही. पगार हाती येण्याची तिथी निश्चित नाही. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी परळास सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी चौकशी-मंडळापुढे ठेवला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाने मन थक्क होते. रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, आणि यंत्रात सापडून जो जायबंदी होईल त्याला काही मिळावे, असे ते मागणे होते. त्यांपैकी रविवारची सुट्टी मालकांनी कबूल करावयास १८९० चा जून उजाडला. त्याआधी एप्रिलात महालक्ष्मीस जी दहा हजारांची सभा झाली तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. आपण आज रविवारी घरी बसून वर्तमानपत्र वाचतो तेव्हा तो रविवार कोणी कसा मिळविला हे आपणांपैकी किती जणांच्या ध्यानात असते?

ह्या पहिल्या काळातील गिरणीकामगाराला वर चढण्याची शिडी नव्हती. नोकरी जॉबरच्या हाती. तो ठेवील तर ठेवील. पाळीच्या वेळी दरवाजाशी उभे राहावे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी दिवसभरापुरते आत घ्यावे, ह्याला 'बदली' म्हणत. कित्येकांच्या आयुष्याची वर्षे अशी बदलीतच गेली. एका खोलीत पाळीपाळीने निजणारी माणसे, जेवण खाणावळीचे, आणि महिन्याकाठी गावी मनिऑर्डर. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या, तेथील खोली १६० चौरस फुटांची. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने संप चालला तो वेतन वाढावे म्हणून झालेला नव्हता, कामाचा बोजा वाढून आहे ते वेतन कमी होऊ नये म्हणून झाला होता.

घामाची कमतरता ह्या पिढीत नव्हती, हे मुद्दाम सांगतो. कष्टाने मनुष्य वर येतो असे आम्ही मास्तर लोक फळ्यावर लिहीत आलो. परंतु १८९० चा कामगार १९६० च्या कामगारापेक्षा कमी कष्टाळू खास नव्हता. तरीही एकाला खोलीचा कोपराही स्वतःचा झाला नाही, आणि दुसऱ्याचा मुलगा कचेरीत कारकून अथवा शाळेत मास्तर झाला. हे कशाने झाले, हा माझ्या मते ह्या विषयाचा गाभा आहे.

ते झाले थोड्या वर्षांत लागोपाठ आलेल्या कायद्यांनी आणि निवाड्यांनी. १९४७ च्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांतील वेतनाचे प्रमाणीकरण झाले : किमान मूळ वेतन ३० रुपये आणि त्यावर महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेला भत्ता. त्याच वर्षी भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरले. त्याच साली कामगार विम्याचा कायदा. १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा. पुढे १९६५ मध्ये बोनस आणि १९७२ मध्ये उपदान. ही नावे ऐकावयास रुक्ष वाटतात. पण एकेका कायद्याने कामगाराच्या मनातील एकेक भीती काढून घेतली. धान्य महागले तर भत्ता वाढेल, मालक उद्या खोलीबाहेर काढू शकणार नाही, आजारी पडलो तर दवाखाना आहे, म्हाताऱ्या दिवसांसाठी काही साठत आहे. भीती गेली म्हणजे मनुष्य पुढील दहा वर्षांचा विचार करू शकतो, आणि मुलाला शाळेत ठेवणे म्हणजे दहा वर्षांचा विचार करणेच होय. नारायण सुर्वे ह्यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. टाकून दिलेले मूल, एका गिरणीकामगाराने वाढविलेले. स्वतः गिरणीत राबले, महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाले, तेथेच शिक्षक झाले, आणि मराठीचे मान्यवर कवी ठरले. त्यांची प्रतिभा हे दैवी देणे म्हणू. पण शिपायाला शिक्षक होता येण्याची वाट माणसांनी बांधलेली होती.

ही वाट सर्वांना सारखी मोकळी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. विणकामाच्या खात्यात मजुरी चांगली. तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नसे. कारण काय, तर धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ इतरांस होईल! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी ह्या प्रश्नाला वाचा फोडली. अमेरिकेत शिकून आलेल्या त्या पुरुषाने, जिचे स्वप्न जगाला सांगतात त्या भूमीतील काळ्या माणसाची स्थितीही अभ्यासिली होती. स्त्रियांची कथा निराळी; एके काळी गिरण्यांत त्यांची संख्या मोठी होती, ती पुढे घटतच गेली. अमेरिकेनेही आपले दार सर्वांस उघडे ठेवले नव्हते. १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुराला तेथे पाऊल ठेवण्याची मनाईच झाली. १९६५ नंतर दार उघडले ते मुख्यतः शिकल्यासवरल्या डॉक्टर-इंजिनियरांना. आपल्या शहरी घरांतून जे तरुण तिकडे गेले ते ह्या दुसऱ्या दाराने गेले, हातातील हातोडीच्या बळावर नव्हे.

मुंबईतील तो उत्कर्षकाळ सुमारे पस्तीस वर्षे टिकला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप फसला असे म्हणतात. तो रीतसर मागेही घेतला गेला नाही. लाखाहून अधिक माणसे कामास मुकली. पुढारी चुकले, मालकांना यंत्रापेक्षा जमीन मोलाची वाटू लागली, सरकारने कान बंद केले, ह्या तिन्ही विधानांत तथ्य आहे असे मला वाटते. त्यानंतरचा इतिहास जमिनीचा आहे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक महानगरपालिकेस, एक गृहनिर्माणास, एक मालकास. २००१ मध्ये त्या नियमात फेरफार होऊन वाटणी फक्त मोकळ्या जागेची धरली गेली, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेरफार उचलून धरला. नियमातील एका शब्दाने केवढी जमीन इकडची तिकडे जाते, हे अंकगणिताच्या मास्तरास चांगले समजते. २०१२ साली गिरणीकामगारांसाठी घरांची पहिली सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. अर्जदार लाखाच्या वर होते. जे स्वप्न मजुरीने साधावयाचे ते चिठ्ठीवर आले. उलट, बी. डी. डी. चाळीतील १६० चौरस फुटांची खोली ज्यांनी सोडली नाही त्यांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मोफत ठरले, आणि वरळीच्या पहिल्या कुटुंबांना त्याच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. तेव्हा एका भावाने खोली धरून ठेवली व दुसरा संपानंतर गावी परतला, तर दोघांनी सारखाच घाम गाळूनही एकाचे घर वरळीला आणि दुसऱ्याचा अर्ज सोडतीच्या पेटीत!

आता थोडे आमच्याकडचे. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. वडील खडी फोडावयास जात, आई पाटीने माती वाही, आम्हा मुलांना कामावर सुकडी मिळे. अमेरिका म्हणतात ती मला प्रथम भेटली तेव्हाच, रेशनच्या पोत्यातून. तिकडून आलेली तांबडी मिलो ज्वारी आम्ही खाल्ली. तिची भाकरी थापताना चिरे आणि घशाखाली लवकर उतरत नसे. तरीही तिने जगविले, हे कबूल केले पाहिजे. त्याच दुष्काळात रोजगार हमीच्या कल्पनेला बळ आले. वि. स. पागे ह्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तिचा प्रयोग केला होता. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरी श्रोत्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९७५ पासून आपल्या पगारातून जो व्यवसायकर कापला जाऊ लागला तो ह्या हमीसाठी बसविलेला होता. मुंबईतील पगारदाराच्या कपातीतून मराठवाड्यातील पाटीवाल्याची चूल पेटली, असे नाते त्या काळी जुळविता आले होते. २००५ साली केंद्रानेही त्याच धर्तीवर कायदा केला.

माझ्यापुरते म्हणाल तर मी त्याच उत्कर्षकाळाचा लाभार्थी आहे. खडी फोडणाऱ्याचा मुलगा; मॅट्रिक झालो, अध्यापनाचे दोन वर्षांचे शिक्षण घेतले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम झालो. पुढे घर बांधले, मुले शिकली, आज निवृत्तिवेतन खातो. माझ्या अंगच्या गुणांनी हे झाले अशी समजूत मी पुष्कळ वर्षे बाळगली होती. आता तसे म्हणवत नाही. माझ्याहून हुशार मुले मी शिकविली. पदवी घेऊन ती परीक्षांचे अर्ज भरीत बसली आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे राज्याच्या सेवेत आले त्यांना माझ्यासारखे जुने निवृत्तिवेतन नाही. वर्गात मात्र मी तीस-पस्तीस वर्षे एकच वाक्य घोकवीत होतो : शिका आणि बाहेर पडा. बाहेर काय मांडून ठेवले आहे ह्याची चौकशी मी केली नव्हती.

बाहेर दोन वाटा आहेत. एक उसाच्या फडाची. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणायचे, दोन माणसांना एका हत्याराचे नाव. उचल फिटेपर्यंत मोळ्या बांधायच्या, आणि मुले बरोबर नेली तर त्यांची शाळा त्या हंगामापुरती सुटली. परळच्या जॉबरची ही गावाकडील आवृत्ती होय. १८८४ च्या अर्जातील कित्येक मागण्या त्यांना आजही लागू पडतील. दुसरी वाट वाळूज, चाकण, रांजणगाव अशा औद्योगिक वसाहतींची. १९८० नंतर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कारखानदारी वाढली तेव्हा आमच्या भागातील जी मुले कायम झाली त्यांनी प्लॉट घेतले, घरे बांधली. ते मी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्यामागून गेलेली मुले कंत्राटदाराची माणसे झाली. सरकारच्या वार्षिक पाहणीप्रमाणे नोंदलेल्या कारखान्यांत २००० च्या सुमारास शंभर कामगारांत सुमारे २० कंत्राटी असत. २०२२-२३ मध्ये ते ४० वर गेले. यंत्र तेच, पाळी तीच, डोक्यावरील टोपीचा रंग तेवढा वेगळा. बदलीवाला नव्या पोशाखात परत आला आहे.

खुद्द अमेरिकेतही चित्र फारसे निराळे नाही. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्डने आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, ते मुख्यतः कामगार टिकेनात म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरासाठी साहाय्य मिळाले, कामगार संघटना बलवान झाल्या, आणि तेथील साध्या माणसाचा तो सुवर्णकाळ ठरला. मुंबईतील आपला उत्कर्षकाळही जवळपास त्याच वर्षांतला. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी हिशेब मांडला : १९४० साली तेथे जन्मलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ९० मोठेपणी आईबापांहून अधिक मिळविती झाली, १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० वर आले. म्हणजे नाणे उडवावे तशी गत. त्या चाळीस वर्षांत अमेरिकन मजूर आळशी झाला, असे त्या हिशेबात कोठे निघत नाही.

असो. माझ्या विद्यार्थ्याकडे वळतो. त्याला मी जे उत्तर तयार केले ते असे, की एकट्या मनुष्याला अजूनही साधते. कोणी टपरीतून दुकान काढतो, कोणाला जमिनीचा मोबदला मिळतो, कोणाची मुलगी स्पर्धापरीक्षेत निघते. परंतु नुसत्या इमानी मजुरीच्या बळावर, पिढीच्या पिढीला, जसे १९४७ नंतर काही काळ साधले तसे आज साधत नाही; आणि ते पुन्हा साधावयाचे तर परळच्या अर्जाप्रमाणे मिळूनच काही मागावे लागेल. हे त्याला कितपत पटले ठाऊक नाही. टोपीचा रंग निराळा असलेली माणसे एकत्र बसत नाहीत, एवढेच तो म्हणाला.

मध्यंतरी २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या, २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. ठराविक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षानंतर उपदान मिळण्याची तरतूद तीत आहे, प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र दिलेच पाहिजे असेही आहे. त्याच वेळी मोठ्या कारखान्यांना कामगार कमी करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची जी मर्यादा शंभर कामगारांची होती ती तीनशेवर नेली आहे. लाभ कोणता व हानी कोणती हे अनुभवाने कळेल. संक्रांतीला तो पोरगा पुन्हा गावी आला तेव्हा मी त्याला कागद घेऊन घरी बोलाविले. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात चार वर्षांत तीन कंत्राटदारांची नावे निघाली. ही चारही वर्षे उपदानात सलग धरली जातील काय, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "नेमणुकीचे पत्र दाखव, म्हणजे पाहू."

"ते कधी भेटलंच नाही, गुरुजी," तो म्हणाला. "फाटकावरचा पास आहे. आणू का?"

मी आणावयास सांगितले आहे.